साडेतीनशे घनइंचांचा उपास

पुण्याहून फोन आला की हल्ली एकच प्रश्न असतो : "ते इंजिन झालं का?" नाही झालं! आणि का नाही झालं, ते एकदा लिहूनच टाकतो.

इथे इंडियानात गावोगावी मातीचे ट्रॅक आहेत. शनिवारी रात्री त्यांवर जुन्या गाड्या धूळ उडवत गोल गोल पळतात. आमचे शेजारी निवृत्त मशिनिस्ट. आमच्या घरात ते 'आजोबा'च. माझ्या सोळा वर्षांच्या लेकाला हाताशी धरून त्यांनी अशा गाडीसाठी इंजिन बांधायला घेतलंय. शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक, ३५० घनइंच, म्हणजे ५.७ लिटर. घराणं १९५५ चं, ३५० आलं १९६७ साली.

खरी गंमत नियमांत आहे. खर्च आवाक्यात राहावा म्हणून त्यांच्या वर्गात होलीचा ५०० सीएफएमचा टू-बॅरल कार्ब्युरेटरच चालतो. हे ५०० सुद्धा फसवे बरं का! टू-बॅरल मोजतात पाऱ्याच्या ३ इंच दाबफरकावर, फोर-बॅरल दीड इंचावर. दीडवर मोजला तर हा जेमतेम ३५४ भरतो. आणि इंजिन पूर्ण भरायचं तर ६००० फेऱ्यांना त्याला मिनिटाला सहाशे घनफूट हवा हवी. भूक राक्षसाची आणि नाकाला चिमटा!

मग करायचं काय? मोठा कॅम टाकून वरच्या फेऱ्यांत ओरडवण्यात अर्थ नाही, तिथे हवाच नाही. वळणातून बाहेर पडताना खालून जोर हवा. आणि जी हवा आत आली तिच्यातलं काही गळू द्यायचं नाही. रिंगा, व्हॉल्व्हच्या सीटा, सगळं चोख.

लेकाने विचारलंच, "कार्ब्युरेटर आतून थोडा घासला तर? गेज पोचत नाही तिथे." ट्रॅकवर 'सगळेच करतात' हे मीही ऐकलंय. आजोबा काहीच बोलले नाहीत. कार्ब्युरेटर कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि पोराच्या हातात ब्युरेट दिली. स्वारी दोन दिवस रुसली. मी मध्ये पडलो नाही.

तिसऱ्या दिवशी गेली. हेडवर काचेसारखी प्लेट, तिच्या भोकातून रंगीत स्पिरिट थेंबाथेंबाने आत, असे आठ कप्पे मोजायचे. सर्वांत लहान निघाला ७५.८ घन सेंटिमीटर, सर्वांत मोठा ७६.४. कप्पे घासायला नियमात बंदी, पण सीट कापायला नाही. मग लहान कप्प्यांच्या सीटा केसभर खोल करायच्या, पुन्हा मोजायचं. तीन आठवडे हेच चाललंय. गणिताची वही कोरी, ही वही मात्र भरली!

काल रात्री अकराला त्याने आठ सारखे आकडे आजोबांपुढे धरले. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत सगळे वाचले आणि म्हणाले, "तिसरा पुन्हा मोज."

पोराने निमूटपणे ब्युरेट भरली.