आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आग रामेश्वरी लागावी आणि बंब सोमेश्वरी धाडला जावा, हा प्रकार मनुष्याच्या व्यवहारात इतका जुना आहे की त्याची म्हणच होऊन बसली. अलीकडे या म्हणीचा प्रत्यय संगणकावर खेळ खेळणाऱ्या तरुणांच्या घरी वारंवार येतो. खेळ अडखळू लागला की यंत्राचा कोणता भाग बदलावा, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचे उत्तर पुष्कळदा विचाराने न मिळता दुकानाच्या काचेआडील झगमगाटाने मिळते.

हा विषय आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाच्या अधिकाराबाहेरचा, अशी शंका वाचकांस येईल. खेळांत आमची मजल बुद्धिबळापलीकडे गेलेली नाही, हे खरे. परंतु रसायनशास्त्र शिकविताना एक गोष्ट आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो: क्रिया अनेक पायऱ्यांनी घडत असेल, तर तिचा वेग सर्वांत मंद पायरीवरून ठरतो. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिकांविषयी असेच प्रतिपादन केले. जे अन्नद्रव्य सर्वांत अपुरे, त्याच्यामुळे वाढ खुंटते. इतर द्रव्ये कितीही ओतली तरी ती भरून निघत नाही. संगणकांच्या क्षेत्रात जीन ॲमडाल यांनी १९६७ साली याच जातीचा विचार मांडला. एकूण वेळेपैकी पाचवा हिस्सा ज्या कामात जातो, ते काम निमिषात उरकू लागले तरी सगळ्याचा वेग सव्वापटीहून अधिक वाढत नाही. तेव्हा प्रश्न खेळाचा असला, तरी न्याय आमच्या ओळखीचा होता.

आणि तो लावून पाहण्याचा प्रसंग घरातच आला. आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. शाळकरी मुलांच्या शिकवण्या करून वर्षभरात त्याने ३०,००० रुपये साठविले होते, आणि ते सर्व एका ग्राफिक्स कार्डावर खर्च करण्याचे त्याच्या मनात होते. लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराने त्यास तसाच सल्ला दिला होता. आमच्या वडील बंधूंस मात्र हा निव्वळ उधळेपणा वाटे. पैसे मुलाच्या कष्टाचे असल्यामुळे त्यांना मनाई करवेना, आणि खर्च खेळासाठी असल्यामुळे संमतीही देववेना. आठ दिवस बापलेकांत अबोला होता. अखेर पुतण्या आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, तुम्हीच बाबांना सांगा.” आम्ही म्हटले, “सांगू; पण काय बदलायचे ते आधी यंत्राला विचारू.”

यंत्राला विचारावयाचे म्हणजे त्याच्या पोटात काय चालते ते जाणावयाचे. पडद्यावर सेकंदास ६० चित्रे उमटावयाची असतील, तर एका चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत जे घडते ते नाटक मंडळीच्या दृष्टांताने चांगले समजते. प्रोसेसर हा सूत्रधार: कोणते पात्र कोठे उभे राहील, कोणाचा बाण कोणास लागेल, हे तो ठरवितो. ग्राफिक्स कार्ड हा चितारी: सूत्रधाराच्या सूचनेनुसार तो प्रवेशाचा पडदा रंगवितो. रॅम ही रंगमंचालगतची सामानाची खोली, आणि एसएसडी हे दूरचे कोठार. सूत्रधार पुढील प्रवेशाची आखणी करीत असतो, त्याच वेळी चितारी मागील प्रवेशाचा पडदा रंगवीत असतो. म्हणून दोघांत जो सावकाश, त्याच्या चालीने नाटक चालते.

आता सावकाश कोण, हे ओळखण्याची युक्ती अगदी सोपी आहे, आणि तीस एक पैही लागत नाही. चिताऱ्यास लहान पडदा द्यावा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके रंगविणाऱ्या कार्डास १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपकेच रंगवावयास सांगावे. चित्रांची संख्या लगेच वाढली, तर खोळंबा चिताऱ्याकडे होता. ती जागची हलली नाही, तर चितारी बिचारा कुंचला घेऊन वाट पाहत बसला आहे असे समजावे. पुतण्याच्या यंत्रावर आकडा पन्नाशीच्या आसपास होता, तो तेथेच राहिला. आणि टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची जवळजवळ निम्मी शक्ती रिकामी दिसली. ३०,००० रुपयांचा नवा चितारी आणला असता, तर तोही तसाच बसून राहिला असता.

मग आम्ही पेटीचे झाकण उघडले. आत रॅमची ८ जीबीची एकच पट्टी होती आणि शेजारची खाच रिकामी. मदरबोर्डास दोन पट्ट्यांतून एकदम माहिती नेण्याची सोय असते. एकच पट्टी असली की सामानाच्या खोलीस दोनऐवजी एकच दार राहते. शिवाय ८ जीबीची खोली आजच्या खेळांस अपुरी पडते, आणि भर प्रयोगात कोठाराकडे धावावे लागते. खेळ मधूनच गचके खाई, त्याचे कारण हे होते. जुळणारी दुसरी पट्टी बसविली, पंख्यांवरील धूळ झाडली, आणि आकडा साठीपलीकडे गेला, गचकेही थांबले. खर्च साठविलेल्या रकमेच्या अल्पांशात भागला.

यावरून कार्ड घेणे व्यर्थ, असा अर्थ कोणी काढू नये. ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांच्या पडद्यावर चिताऱ्याचे काम बरोबर चौपट होते, आणि तेथे बहुधा तोच अपुरा पडतो. नवे कार्ड जुन्या पॉवर सप्लायला झेपेल काय, हेही आधी पाहावे लागते. एसएसडीने खेळ लवकर उघडतो. परंतु चित्रांचा सरासरी वेग तीमुळे क्वचितच वाढतो. प्रत्येक भागास त्याचे काम नेमून दिलेले आहे, आणि उणीव कोठे आहे हे त्या त्या घरचे यंत्रच सांगू शकते. शेजाऱ्याच्या यंत्रास लागू पडलेले औषध आपल्या यंत्रास लागू पडेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एक उणीव भरली की दुसरी पुढे येते. सर्वांत मंद अशी पायरी नेहमी कोणती तरी असणारच. पुतण्याच्या यंत्रात आता पाळी प्रोसेसरची आहे. २०१७ साली पहिले रायझेन प्रोसेसर ज्या एएम४ बैठकीवर आले, तिच्यावरच २०२२ सालचा रायझेन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसरही बसतो, आणि पुष्कळशा जुन्या मदरबोर्डांवर बायॉस अद्ययावत करून तो चालविता येतो. परंतु पुतण्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. यंत्राने सेकंदास शंभर चित्रे रंगविली, तरी तो त्यांतील साठच पूर्ण दाखविणार. तेव्हा पुरे कोठे म्हणावयाचे, हे यंत्र सांगत नाही. ते खेळणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

आमच्या वडील बंधूंस खेळाची गोडी अद्यापि लागलेली नाही. त्या रात्री जेवताना त्यांनी पुतण्यास एवढेच विचारले, “राहिलेल्या पैशांचं काय करणार?” तो म्हणाला, “सध्या काहीच नाही, बाबा. कशाची उणीव भासते ते बघू.” बंधूंनी भाताचे भांडे त्याच्याकडे सरकविले. आठ दिवसांनंतर बापलेकांत झालेले हे पहिलेच बोलणे होते.