लॅपटॉपचें बिऱ्हाड

बिऱ्हाड हालविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. पेट्या, भांडीं, गाद्या हें सर्व सामान नव्या घरीं सुखरूप पोहोंचतें. परंतु माळ्यावरचा कंदील मात्र मागें राहतो, व त्याची आठवण दिवे गेल्यावरच होते. जी वस्तु रोज लागत नाहीं, तिची गणती सहसा कोणी करीत नाहीं. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं आमच्या लॅपटॉपचें बिऱ्हाड जुन्या हार्डडिस्कवरून नव्या एस.एस.डी.वर हालविलें. मंदावलेले लॅपटॉप आज पुष्कळ घरीं पडून आहेत. म्हणून हा अनुभव विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटतें.

आमचा लॅपटॉप सन २०१९ मधला. २०२० सालीं शाळांचीं दारें बंद झालीं, तेव्हां स्वयंपाकघरांतल्या मेजावर ठेवून याच यंत्रावरून आम्हीं दहावीचे वर्ग चालविले. त्या काळचे पाठ, तेव्हांपासूनच्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनांचीं छायाचित्रें, आणि आमच्या परलोकवासी मातोश्रींनीं स्वतःच्या आवाजांत सांगितलेल्या चौदा गोष्टी, एवढें धन त्यांत सांठलेलें होतें. अलीकडे तो सुरू होण्यास सात-आठ मिनिटें घेऊं लागला. "नवा घ्या," असें अनेकांनीं सुचविलें. परंतु शिक्षकाच्या खिशास तो सल्ला मानवणारा नव्हता, आणि यंत्राचें बाकीचें अंग धडधाकट होतें.

मंदपणाचें कारण समजून घेण्यासारखें आहे. हार्डडिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. सन १९५६ मध्यें आय.बी.एम. कंपनीनें अशी पहिली यंत्रणा विक्रीस आणली, तेव्हां तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, व एवढ्या खटाटोपांत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आतांची तबकडी तळहातावर मावते. तरी तत्त्व तेंच. ती मिनिटास बहुधा ५४०० फेरे घेते, आणि हवी ती माहिती वाचण्याच्या टोंकाखालीं येईपर्यंत यंत्रास खोळंबून राहावें लागतें. एस.एस.डी.मध्यें फिरणारें कांहींच नसतें. माहिती चिपमध्यें विद्युत्-भाराच्या रूपानें राहते. म्हणून केवळ हा एक भाग बदलला तरी जुनें यंत्र चपळ होतें.

दुकानदार म्हणाले, "सी ड्राइव्ह तेवढी उतरवून देतों. बाकीचे तुकडे कशाला हवेत?" आम्हीं घरीं येऊन 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पाहिलें, तों एकाच तबकडीवर चार विभाग दिसले. पहिला १०० एम.बी.चा, हा घराचा उंबरठा, यावांचून विंडोज सुरूच होत नाहीं. दुसरा आपली सी ड्राइव्ह. तिसरा लहानसा 'रिकव्हरी' विभाग. विंडोज आजारी पडून उठेनाशी झाली, म्हणजे हा जागा होतो व दुरुस्तीचे मार्ग दाखवितो. चौथें यंत्र बनविणाऱ्या कंपनीनें ठेविलेलें मोठें कोठार. यंत्र विकत घेतलें त्या दिवशीं जसें होतें तसें तें त्यांतून पुन्हां करतां येतें. यांखेरीज १६ एम.बी.चा एक राखीव विभाग त्या यादींत दिसतही नाहीं. केवळ फाइली नकलून घेतल्या तर यांपैकीं कांहींच बरोबर येत नाहीं.

येथें पालकांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. रिकव्हरी विभाग विंडोजला वांचवितो, आपल्या फाइलींस नव्हे. कंपनीच्या कोठारांतून यंत्र पूर्ववत् केलें तर सी ड्राइव्हवरील आपलें सर्व कांहीं पुसलें जातें. म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं आम्हीं मातोश्रींच्या गोष्टी व इतर कागद दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरवून ठेविले. बिटलॉकरचें कुलूप होतें. त्याची रिकव्हरी-की वहींत लिहून घेतली व कुलूप काढलें. एका पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्हही तयार केली.

नक्कल करण्यास आम्हीं क्लोनझिला हें तैवानांत तयार झालेलें विनामूल्य साधन घेतलें, आणि एकेक विभाग न निवडतां संपूर्ण डिस्कची नक्कल निवडली. या वेळीं कोणती डिस्क मूळ व कोणती नवी, हें साधन आपणांस विचारतें. उत्तर उलटें दिलें तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते व सर्वस्व जातें. आमच्या शेजारचा नववींतील एक विद्यार्थी मदतीस होता. त्यानें दोन्ही डिस्कांचीं नांवें व मापें मोठ्यानें वाचलीं, आम्हीं कागदाशीं ताडून पाहिलीं, आणि मगच कळ दाबली. नक्कल संपल्यावर जुनी डिस्क काढून बाजूस ठेविली. दोघींची ओळखखूण एकच असल्यामुळें त्या एकत्र जोडल्यास विंडोज गोंधळते.

आतां खरी अडचण आली. जुनी डिस्क ५०० जी.बी.ची, नवी १ टी.बी.ची, पण उरलेली अर्धी जागा रिकव्हरीच्या विभागांपलीकडे पडली होती, त्यामुळें सी ड्राइव्ह वाढेना. विद्यार्थी म्हणाला, "सर, मधले दोन तुकडे पुसून टाकूं या. क्षणांत काम होईल. एवढ्या वर्षांत ते एकदां तरी उपयोगीं पडले का?"

खरेंच, एकदांही पडले नव्हते. आम्हीं त्यास विचारलें, "शाळेच्या जिन्यांत आग विझविण्याचें लाल नळकांडें टांगलेलें आहे. तूं पांचवीपासून तेथून जातोस. तें किती वेळां वापरलेलें पाहिलेंस?" तो हसला, व बाजूस टाकलेली वही त्यानें पुन्हां उघडली.

मग 'रीएजंटसी' या आज्ञेनें विंडोजची रिकव्हरी तात्पुरती बंद केली. जीपार्टेड या साधनानें ते दोन्ही विभाग डिस्कच्या शेवटास सरकविले. सी ड्राइव्ह वाढविली. आणि त्याच आज्ञेनें रिकव्हरी पुन्हां चालू केली. लहान विभागास थोडी अधिक जागाही दिली. जानेवारी २०२४ मध्यें विंडोज १० ची एक सुरक्षा-सुधारणा अनेक यंत्रांवर केवळ या विभागांत जागा अपुरी असल्यामुळें बसेना, व तो २५० एम.बी.नें वाढविण्याचा सल्ला मायक्रोसॉफ्टला द्यावा लागला होता. या सर्व कामास एक तास अधिक लागला.

"काम पूर्ण झालें" असें पडद्यावर उमटलें, म्हणजे काम पूर्ण झालेंच असें नव्हे. शिफ्ट कळ दाबून धरून यंत्र 'रीस्टार्ट' केलें, तेव्हां दुरुस्तीचा निळा पडदा दिसला. नंतर कंपनीनें नेमून दिलेली कळ दाबून पाहिली. 'यंत्र पूर्ववत् करावयाचें काय?' या प्रश्नापर्यंत पोहोंचलों, आणि 'रद्द' दाबून परत आलों. तें कोठार आपणांस २०१९ च्या विंडोज १० वरच नेईल, व तिचें नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें आहे. तरी तेथून पुन्हां विंडोज ११ वर येतां येतें. संकटांत परतीची एक वाट असणें हेंच मोठें. जुनी डिस्क आम्हीं महिनाभर न पुसतां कपाटांत ठेविली.

आतां यंत्र अर्ध्या मिनिटांत जागें होतें. परंतु आम्हांस अधिक समाधान वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. पुढच्या आठवड्यांत त्या विद्यार्थ्यानें आपल्या वडिलांच्या दुकानाचा हिशेब असलेला लॅपटॉप आमच्याकडे आणला. यंत्र उघडण्यापूर्वींच त्यानें वही पुढें केली. तींत पांचही विभाग ओळीनें लिहिलेले होते, आणि प्रत्येकासमोर तो कशासाठीं आहे व हालविल्यानंतर तो तपासावयाचा कसा, हें त्याच्याच अक्षरांत होतें.