हँडल काढलं, पण फोर्क सांभाळला

रात्रीचे अकरा. उद्या मनालीला निघायचं, सायकल खोक्यात भरायची आहे. चाकं, पेडल, सीट पटापट निघाली. जीव अडकतो तो हँडलपाशी.

मागच्या खेपेला हँडल धरणारा स्टेम सरळ उपसून काढला आणि फोर्क खाली सरकला. बेअरिंगवरची फटीची बारीक कडी कुठे गेली ते कळलंच नाही. ती कडी वरच्या बेअरिंगला फोर्कच्या दांड्याशी घट्ट धरते. तिच्याशिवाय हँडल कितीही आवळा, खडखड जात नाही. अख्खा दिवस त्यात गेला.

म्हणून आज स्टेम काढलाच नाही. स्टेमच्या पुढच्या झाकणाचे चार बोल्ट सोडवून फक्त हँडल मोकळं केलं, फ्रेमला कापड गुंडाळून बांधलं आणि झाकण त्याच बोल्टांनी परत जागेवर लावलं. खोकं लहान असेल तर स्टेम काढावाच लागतो. मग त्याच्या उंचीइतके स्पेसर दांड्यावर चढवावेत आणि वरची टोपी लावून हलकेच आवळावी. फोर्क जागचा हलत नाही.

काढलेला स्टेम परत जोडताना आधी टोपीचा बोल्ट, तोही खडखड जाईल इतकाच. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणायचा आणि शेवटी स्टेमचे बाजूचे बोल्ट आलटून पालटून. बऱ्याच स्टेमवर ५ न्यूटन-मीटर असं कोरलेलं असतं, ते पाळावं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की ढिलाई हाताला कळते.

घाटात उतरताना बराच भार याच जोडावर येतो. जोडणी तपासल्याशिवाय सायकलवर बसू नका.