बंदीभागातील जमीन आणि वाट

उमरखेड तालुक्यातील ढाणकीच्या परिसरात बंदीभाग, म्हणजे पैनगंगा अभयारण्याच्या सागवानी जंगलातील गावांचा पट्टा, असल्यामुळे तेथील मालमत्तेचा विचार केवळ सातबाऱ्यापाशी थांबत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मान्य केला. तो वारसाने मिळतो, पती-पत्नींच्या संयुक्त नावे नोंदला जातो, पण विकता येत नाही, आणि सावकाराला नकोशी असलेली अशी जमीनच बहुधा घरात टिकते. वाटेचे मात्र तसे नाही: पावसाळ्यात नाला भरला, फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहू लागले की दवाखाना आणि बाजार दोन्ही पलीकडे राहतात. याच कायद्याचे कलम 3(2) ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 झाडांच्या मर्यादेत, वळवू देते. वनहक्काच्या पट्ट्यांच्या गलबल्यात ही तरतूद सहसा कुणाला आठवत नाही.