दारव्हा ते गाविलगड, अप-डाऊन सांभाळून

सकाळी आठ-साडेआठला दारव्ह्याच्या स्टँडवर उभे राहिले की अर्धे गाव अप-डाऊनवर आहे असे वाटते. यवतमाळ, दिग्रस, कारंजा, नेर अशा चारही दिशांना गाड्या सुटतात. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले, दवाखान्यातले, सगळे डबा घेऊन उभे असतात आणि संध्याकाळी तेच चेहरे त्याच खिडक्यांजवळ बसून परत येतात. दिवसाचे दोन-तीन तास त्यात जातात. त्या तासांचा हिशेब कुणी मांडत नाही. मीही वीस वर्षे मांडला नव्हता.

मी दिग्रसला एका बँकेत नोकरी करतो. अंतर तीस किलोमीटरच्या आत-बाहेर. वय ४७. गेल्या उन्हाळ्यात रक्त तपासले तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ निघाला. ५.७ च्या खाली असला तर ठीक, ६.५ च्या वर गेला तर मधुमेह, आणि मधला पट्टा इशाऱ्याचा, असे डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवले. आमच्या घरात हा इशारा हलका नाही. अम्मी रोज इन्सुलिन घेते.

त्याच आठवड्यात मनात आले की डिसेंबरात सायकलने गाविलगडला जाऊन यावे. दारव्ह्याहून कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अचलपूर आणि मग चिखलदऱ्याचा घाट. येताना अमरावती, नेर आणि घर. जाऊन येऊन पावणेचारशे किलोमीटर. जातानाचा रस्ता अचलपूरपर्यंत आपल्या शकुंतलेचाच आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि तिथून अचलपूर ७६ किलोमीटर अशी ही अरुंद रुळांची गाडी ब्रिटिश कंपनीने कापसासाठी टाकली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. आता गाडी बंद आहे, दारव्हा मोतीबाग स्टेशनात गवत वाढले आहे.

अम्मीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या अब्बांनी पोटासाठी सायकल चालवली. तू कशासाठी चालवणार?”

अब्बा कापडाची गाठोडी मागच्या कॅरिअरला बांधून आठवडी बाजार करत. एक दिवस बोरी अरब, एक दिवस लाडखेड, कधी आणखी लांब. त्यांनी व्यायाम हा शब्द कधी वापरला नाही. सायकल सोडली तेव्हा घरात मोटरसायकल आली होती आणि ती मोठी अभिमानाची गोष्ट होती. अम्मीच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होते, रक्ताच्या तपासणीचा कागद. तो तिने चष्मा लावून पाहिला आणि बाजूला ठेवला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

लांब सायकल प्रवासाची आपल्याकडची परंपरा तशी जुनी आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतून सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले. आपल्या विदर्भाचेच नाव घ्यायचे तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारा दिवसांच्या आत एकट्याने पार केली. अशी नावे वाचून अंगात वारे भरते. पण सकाळी दहाला काउंटरवर बसायचे असते, त्याला त्या वाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याला वेळ कुठून काढायचा ते कळायला हवे.

वेळ मला एसटीने दिला. दिग्रसला जायला गाडीत तास आणि गाडीची वाट पाहण्यात अर्धा तास, हे माझे रोजचेच. सायकलने तेच अंतर सुरुवातीला दोन तासांचे होते, पुढे पावणेदोनचे झाले. म्हणजे जास्तीचा वेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटे! मात्र जाऊन-येऊन एकाच दिवशी साठ किलोमीटर हे नवख्या गुडघ्यांना झेपणारे नाही. म्हणून अशी सोय केली: सोमवारी सकाळी सायकलने जायचे, सायकल बँकेच्या मागच्या शेडमध्ये कुलूप लावून ठेवायची, संध्याकाळी एसटीने परत. मंगळवारी सकाळी एसटीने जायचे आणि संध्याकाळी सायकलने घरी. बुधवार-गुरुवार पुन्हा तसेच. शुक्रवारी विश्रांती, जुम्माही निवांत होतो. आठवड्याला चार खेपा, सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, आणि घरच्यांचा एकही रविवार खर्च झाला नाही. बदलीचा शर्ट, टॉवेल आणि साबण कपाटाच्या खालच्या खणात. पहिले काही दिवस सहकारी हसले, नंतर दोघांनी सायकलची किंमत विचारली.

एवढे गाठायच्या आधी जूनभर मी गावाभोवतीच दहा-बारा किलोमीटर फिरलो. आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवायचा आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचे, हा जाणत्या सायकलवाल्यांचा ठोकताळा आहे. तो पाळला. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, गुडघे आणि कंडरा मागे राहतात, त्यामुळे दम लागत नाही म्हणून अंतर दुप्पट करणारे बहुतेक जण गुडघा धरून बसतात. त्याहून साधी गोष्ट सीटची. टाच पेडलवर ठेवून पाय खाली सरळ व्हायला हवा. आपल्या भागात दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवायची सवय आहे, आणि निम्मी गुडघेदुखी तिथूनच येते. वेगाचे म्हणाल तर बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच जोर लावायचा. बाजूला कुणी नसेल तर स्वतःशी बोला, शेतातली माणसे काही म्हणत नाहीत.

दिग्रसचा रस्ता मी वीस वर्षे खिडकीतून पाहिला होता, पण तो चढतो कुठे आणि उतरतो कुठे हे पायांनी सांगितले. जुलैत काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येतो. तो मडगार्डमध्ये बसला की चाक फिरत नाही, काडीने खरवडावा लागतो. ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेले असते. त्यावरून सायकल न्यायची नाही, उतरून कडेने जायचे. पहाटे रोही रस्ता ओलांडतात. एक गेला की थांबायचे, कारण मागून आणखी येतात. बाभळीच्या काट्यांनी पाच महिन्यांत सात पंक्चर दिले. आठव्याला हात काळे होण्याआधी काम झाले होते.

सगळ्यात मोठी अडचण नोव्हेंबरात आली. सहाच्या आत सूर्य मावळायला लागला आणि संध्याकाळची खेप अंधारात पडू लागली. पुढे दिवा, मागे लाल दिवा, अंगावर चमकणारा पट्टा, सगळे होते. पण समोरून ट्रक आला की काही सेकंद रस्ताच नाहीसा होतो. बायकोने स्पष्ट सांगितले, “तुमची साखर कमी व्हायची असेल तर तुम्ही घरी पोचायला पाहिजे.” यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. नोव्हेंबरपासून दिग्रसची सायकल बंद केली आणि फजरनंतर उजाडता उजाडता यवतमाळ रोडने बोरी अरबकडे जाऊन यायला लागलो.

यात एक पेच होता. सकाळची ती वेळ घरातली सगळ्यात कामाची वेळ. डबे, अम्मीचे इन्सुलिन आणि नाश्ता, लेकीची शाळा. पुरुषाने फिटनेससाठी बाहेर पडायचे आणि बाईने दोन माणसांचे काम करायचे, असा फिटनेस बऱ्याच घरांत चालतो. आम्ही वाटणी केली. रात्री भाजी चिरणे, पाणी भरणे आणि लेकीचा गणवेश माझ्याकडे. आठवड्यातले तीन दिवस सकाळ माझी, तीन दिवस तिची. तिच्या तीन दिवसांत ती शेजारच्या दोघींबरोबर चालायला जाते आणि अम्मीला इन्सुलिन मी देतो. सुई धरायला मला नोव्हेंबरात वयाच्या ४७ व्या वर्षी शिकवले गेले.

खाण्यासाठी मी डब्यातली कोणतीही पावडर आणली नाही. निघण्याआधी दोन खजूर आणि पाणी, तासाभराहून लांब जायचे असेल तर खिशात गूळ-दाणे किंवा केळे, परत आल्यावर भाकरी आणि तुरीचे वरण. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब जाऊ नये, श्रमाने साखर एकदम खाली येते. रमजानच्या रोज्यांत लांब सायकल नकोच. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास हळू चालवली तर पाय विसरत नाहीत, तेवढे पुरे.

दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी असते. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी यवतमाळला जाऊन आलो, पंच्याऐंशीच्या आसपास किलोमीटर, आणि रविवारी आंबलेल्या पायांनी पुन्हा चाळीस. एका दिवशी शंभर मारण्यापेक्षा ही जोडी जास्त शिकवते, कारण प्रवासात दुसऱ्या दिवशीही उठायचे असते. दारव्ह्याला घाट नाही. घाटाची तालीम मी कॅरिअरला आठ किलो सामान बांधून समोरच्या वाऱ्यात केली. सामानात तांदळाची पिशवी होती. ती पाहून अम्मी म्हणाली, “आता गाठोडे झाले खरे.”

नाताळ बुधवारी आला. पुढे चौथा शनिवार आणि रविवार, मध्ये दोन रजा. पाच दिवस मिळाले. पहिल्या दिवशी मूर्तिजापूर, दुसऱ्या दिवशी दर्यापूर-अंजनगाव करत परतवाडा. दोन्ही दिवस रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, आणि अधूनमधून शकुंतलेचे रूळ रस्त्याजवळ येऊन पुन्हा शेतात शिरत. अंजनगाव सुर्जीला चहा घेतला. १८०३ मध्ये शिंदे आणि इंग्रजांचा तह इथेच झाला, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी इंग्रजांनी गाविलगड घेतला होता. इमादशाहीच्या काळात वऱ्हाडचा कारभार अचलपुरातून चालायचा आणि त्याचे बळ या किल्ल्यात होते.

सुट्टीमुळे चिखलदऱ्याला खोल्या मिळणार नव्हत्या, म्हणून मुक्काम परतवाड्यालाच ठेवला. तिसऱ्या दिवशी सामान खोलीवर सोडून पहाटे धामणगाव गढीमार्गे निघालो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे, म्हणजे सातशेहून जास्त मीटर चढायचे. सगळ्यात हलक्या गिअरवर, वाक्य बोलता येईल इतक्या जोराने. दोन वळणांवर उतरून चाललो. मोटारींतली मुले खिडकीतून हात हलवत होती. चार तासांनी वर पोचलो आणि गाविलगडाच्या दरवाजात दुपारची भाकरी खाल्ली. खाली दरीत धुके नव्हते, ऊन होते आणि वानरे होती. अम्मीला फोन लावला. तिने पाय दुखतात का एवढेच विचारले, आणि मग अब्बा एकदा सायकल शकुंतलेत टाकून कारंज्याला गेले होते ती गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

परतीचे दोन दिवस अमरावती आणि नेरवरून आलो. सोमवारी वेळेवर काउंटरवर होतो.

जानेवारीत पुन्हा रक्त तपासले. आकडा ५.८ आला. डॉक्टरांनी कागदावर गोल केला आणि तीन महिन्यांनी परत यायला सांगितले. येत्या रविवारी लेकीला बोरी अरबपर्यंत न्यायचे ठरले आहे. तिच्या शाळेच्या सायकलची चेन त्याआधी बदलावी लागेल.