कानोत्याची हवा आणि कुरळे केस

जयपूरहून आग्रा रस्त्याने पूर्वेला पंधराएक किलोमीटर गेलं की कानोता लागतं. गावाला किल्ला आहे, ढूंढ नदीवर बांध आहे आणि एक अफाट माणूस इथे होऊन गेला. कानोत्याच्या ठाकूर घराण्यातल्या अमरसिंहांनी १८९८ ते १९४२ अशी चव्वेचाळीस वर्षं इंग्रजीत डायरी लिहिली. तिचे ८९ खंड झाले आणि इतिहासकार आजही ती वाचतात. माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे कानोत्यात राहायला गेली तेव्हा तिला किल्ल्यातही रस नव्हता आणि डायरीतही. नवरा बस्सीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मुलगी बालवाडीत आणि हिच्यापुढे प्रश्न एकच: डोक्याला काय लावू?

तिचे केस जन्मापासून बारीक वळणांचे. दाट, कोरडे, आणि विंचरले की फुलून दुप्पट होणारे. रत्नागिरीला आमच्या घरी त्यांचा फार विचार कधी झाला नाही. रविवारी आई तिला पायरीवर बसवायची, वाटीतलं खोबरेल चोपडायची, दोन घट्ट वेण्या घालायची, की आठवडा निघाला. खोबरेलही घरचंच असायचं. वाळवलेलं खोबरं घाण्यावर नेऊन तेल काढून आणायचं. क्वचित, कुणी बाळंतीण घरात असली तर, नारळाचा रस आटवून आवेल काढलं जायचं आणि त्यातलं चमचाभर पोरींच्या वाट्याला यायचं.

कानोत्याला गेल्यावर तेच तेल, तीच वेणी, पण केस वेगळे. फोनवर म्हणाली, "ताई, विंचरताना कट् कट् आवाज येतो. फणीत केस येतात ते मुळापासून नाही, मधूनच तुटलेले असतात." मी मोठ्या बहिणीच्या थाटात सांगितलं की तेल वाढव. तिने वाढवलं. उशा तेलकट झाल्या, केस कोरडेच राहिले.

तेलकट आणि तरीही कोरडे, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात विसंगती काहीच नाही. केस मऊ राहतो तो पाण्याने. तो हवेतली वाफ शोषतो आणि सोडतो. पूर्ण भिजला तर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या तीसेक टक्के पाणी धरतो. तेलात पाणी नसतंच, तेव्हा तेल केसाला पाणी देऊ शकत नाही. असलेलं पाणी लवकर उडू न देणं आणि केसावरची खवल्यांची परत गुळगुळीत ठेवणं, एवढीच त्याची चाकरी. सरळ केसावर टाळूतला स्निग्ध स्राव मुळापासून खाली उतरत जातो. कुरळ्या केसाचा छेद गोल नसून लांबट असतो आणि प्रत्येक वळणावर तो स्राव अडतो. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं काथ्यासारखी, असा प्रकार या केसांत घरोघरी दिसतो. रत्नागिरीत समुद्राची हवा टोकांना दिवसभर पाणी पाजत होती आणि श्रेय खोबरेलाला मिळत होतं. मे महिन्यात कानोत्यात दुपारी लू सुटते, पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खालीही जाते. पाणी द्यायला हवेत पाणीच नाही. उलट हवाच केसातलं ओढून नेते.

खोबरेलाची बाजू मात्र नीट मांडायला हवी, नाहीतर आई मला घरात घेणार नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल त्यांनी शेजारीशेजारी ठेवून तपासलं. धुताना आणि विंचरताना केसातलं प्रथिन निघून जातं. ते कमी करण्याचं काम त्या तिघांत फक्त खोबरेलाने केलं. कंपनी खोबरेल विकणारी, तेव्हा भुवई उंचावायला हरकत नाही, पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलात मुख्य असतं ते लॉरिक आम्ल. बारा कार्बनची आखूड, सरळ साखळी; ती केसाच्या आत शिरते. खनिज तेल बाहेरच बसतं. त्यामुळे न्हाण्याआधी लावलेलं खोबरेल केसाला पाण्यात वाजवीपेक्षा जास्त फुगू देत नाही आणि त्याची झीज थांबवतं. ते रक्षण झालं. ओलावा टिकवण्याचं काम वेगळं, आणि माझी बहीण ते काम खोबरेलाकडून, तेही कोरड्या केसांवर चोपडून, करून घ्यायला बघत होती.

त्यात जानेवारीत खोबरेलाने असहकार पुकारला. ते चोवीस-पंचवीस अंशांना गोठतं, आणि जयपूरच्या थंडीत रात्री पारा आठपर्यंत उतरतो. बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. तिथले लोक ती सकाळी गच्चीवर उन्हात ठेवतात. (हेच तेल खाण्याचं की डोक्याला लावायचं यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं कराचा खटला चालला होता. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल निव्वळ बाटली लहान आहे म्हणून केशतेल ठरत नाही. कोकणातल्या कुठल्याही बाईने हा निकाल फुकटात दिला असता.)

शेजारच्या काकीसांना या सगळ्याचं हसू यायचं. सत्तरीच्या बाई, ओढणी डोक्यावरून कधी न ढळणारी. त्यांचं म्हणणं सोपं होतं: "सरसों लगाओ, बीनणी." मोहरीचं तेल लाव, सूनबाई. आणि त्या बोलल्या ते जागेला धरूनच होतं. देशात सर्वांत जास्त मोहरी राजस्थानात पिकते. कानोत्यावरून जाणारा हा रस्ता पुढे दौशामार्गे भरतपूरला जातो आणि भरतपूरजवळच्या सेवरला भारतीय कृषी संशोधन परिषदेची मोहरीवरची संस्था आहे. थंडीत या वाटेने जाताना दोन्ही बाजूंना पिवळं पसरलेलं असतं.

मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा काकीसा आम्हां दोघींना घाण्यावर घेऊन गेल्या. घाण्याला बैल नव्हता, मोटर होती. पण उखळ लाकडी, मुसळ लाकडी. मोहरीचं घमेलं उखळात रिकामं झालं, मुसळ फिरायला लागलं आणि घाण्यावरच्या माणसाने मोहरीवर पाण्याचे हबके मारले. तेलात पाणी कशाला, असं मला वाटलं. पण मोहरीचा झणका त्या पाण्यामुळेच उठतो. दाणा भरडला गेला आणि त्याला ओल लागली की त्यातलं एक विकर जागं होतं आणि अलाइल आयसोथायोसायनेट नावाचं तिखट द्रव्य तयार होतं. ते नाकात शिरलं आणि आम्ही दोघी डोळे पुसत बाहेर आलो. काकीसा आत आरामात उभ्या होत्या. खाली पत्र्याच्या पन्हळीतून गडद पिवळं तेल डब्यात उतरत होतं, बाजूला पेंडीचे पापुद्रे पडत होते, आणि एक शेतकरी म्हशीसाठी ती पेंड पोत्यात भरत होता.

बहिणीने ते तेल लावलं. मोहरीच्या तेलातल्या इरुसिक आम्लाची साखळी बावीस कार्बनांची, लॉरिकच्या जवळजवळ दुप्पट लांब. दाट, जड आणि बाहेर थर धरणारं तेल. केसांना तकाकी आली, वळणं जरा सुटी झाली. पण तिच्या टाळूची आग व्हायला लागली आणि मुलगी म्हणाली, "आई, तुला भाजीचा वास येतोय." तिखट द्रव्य काही त्वचांना सोसत नाही. राजस्थानात तारामिराचं तेलही असंच डोक्याला लावतात, तेही मोहरीच्याच कुळातलं, त्यामुळे त्या वाटेला ती गेली नाही.

मग एरंडेल. कुरळ्या केसांसाठी एरंडेल ही जगभर फिरलेली शिफारस आहे. जमैकात बिया भाजून काळं एरंडेल काढतात आणि आफ्रिकी वंशाच्या बायकांत त्याचं मोठं नाव आहे. आपल्याला त्याचं अप्रूप नको, जगातलं सर्वांत जास्त एरंडेल भारतातच निघतं आणि त्यातला मोठा वाटा गुजरातचा. त्याच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलिक आम्ल असतं, म्हणून ते मधासारखं घट्ट. थोडं, दुसऱ्या पातळ तेलात मिसळून, टोकांना लावलं तर ओल धरून ठेवतं. जास्त झालं तर केस एकमेकांना चिकटतात. २०१७ साली केसांच्या विकारांवरच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणीची नोंद आली होती: एरंडेल आणि खोबरेल लावून न्हाल्यावर तिच्या केसांचा असा गुंता झाला की कापण्यावाचून इलाज उरला नाही. बहिणीवर तशी पाळी आली नाही. पण कानोत्यात धूळ उडते, आणि चिकट केसांवर ती धूळ बसून राहते. दोन दिवसांत केस मातकट दिसायचे, मग जास्त शाम्पू, मग आणखी कोरडे.

या सगळ्यात पाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जयपूर शहराला टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणाचं पाणी मिळतं. तिच्या वसाहतीत बोअरवेल. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं, बादलीच्या काठावर पांढरी रेघ, आणि शिकेकाईचा साबण लावला तर फेसाऐवजी करडा साका. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरलेलं जड पाणी. साबणाबरोबर त्याची न विरघळणारी घाण होते आणि ती केसावर बसते. खवले उघडलेल्या रुक्ष केसांवर तर हे क्षार जास्तच चिकटतात. मग वरून तेल कितीही ओता, ते त्या पुटावर बसणार. मी तिला म्हटलं, आधी तेल बंद, आधी पाणी बघू. साबण गेला, सौम्य शाम्पू आला. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा, दोन तांबे, त्यात लिंबाचे चार थेंब. आरओचं यंत्र एक लिटर चांगलं पाणी देताना त्याहून जास्त खारं पाणी फेकतं, आणि राजस्थानात पाण्याची अशी उधळ डोळ्यांना बघवत नाही. म्हणून ते फेकलेलं पाणी फरशी पुसायला जातं.

एवढ्यानेच निम्मं काम झालं. विंचरतानाचा कट् कट् आवाज थांबला.

उरलेल्या निम्म्यासाठी तिला जे तेल सापडलं ते खरं म्हणजे तेल नव्हेच. जयपूरच्या परकोट्यातल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका अत्तराच्या दुकानात तिने 'लू में बाल सूखते हैं' अशी तक्रार केली आणि दुकानदाराने जोजोबाची बाटली पुढे केली. जोजोबा हे सोनोरा वाळवंटातलं, अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवरचं झुडूप. व्हेल माशाच्या तेलावर १९७०च्या दशकात बंदी आली तेव्हा त्या तेलाला पर्याय म्हणून जगाचं याच्याकडे लक्ष गेलं. राजस्थान सरकारने नव्वदच्या दशकात इस्रायलच्या तांत्रिक मदतीने त्याची लागवड केली. सीकर जिल्ह्यातलं फतेहपूर आणि जयपूर जिल्ह्यातलं ढंड इथे त्याचे मळे झाले. नर आणि मादी झाडं वेगळी, फळ यायला काही वर्षं लागतात, म्हणून शेतकरी त्याच्यावर पटकन भाळत नाहीत. पण बियांच्या वजनाच्या जवळपास निम्मा द्रव निघतो, आणि तो द्रव म्हणजे पातळ मेण. आपल्या टाळूच्या स्रावातही अशाच जातीचं मेण असतं, साधारण चौथा हिस्सा. म्हणजे जो स्राव तिच्या केसांच्या टोकांपर्यंत पोचतच नव्हता, त्याचा जवळचा नातेवाईक बाटलीतून लावायचा. पुन्हा हे मेण खवट होत नाही, आणि गोठतं ते दहा अंशांच्या आसपास, त्यामुळे घरात ठेवलेली बाटली जानेवारीतही वाहती राहते.

तिची आताची रीत मी शेजारी बसून पाहिली आहे. न्हाण्याच्या आदल्या रात्री थोडं खोबरेल, केसाच्या लांबीला, टाळूला नाही. सकाळी न्हाऊन टॉवेलऐवजी जुन्या सुती ओढणीत केस दाबून घ्यायचे, चोळायचे नाहीत. मग बोटांनी पाच-सहा बटा वेगळ्या करायच्या. केस ओले आहेत, पण ठिबकत नाहीत, ही वेळ महत्त्वाची. तळहातावर जोजोबाचे तीन-चार थेंब, हात एकमेकांवर घासून ते पसरले की बट दोन्ही तळव्यांत धरून खालपर्यंत ओघळत न्यायची. टोकाला आलं की मूठ करून बट वर दाबायची आणि सोडायची. ती स्प्रिंगसारखी परत वळते. उन्हाळ्यात टोकांना एरंडेलाचा एखादाच थेंब वरून. मधल्या दिवसांत केस कोरडे वाटले तर तेलाला हात लावायच्या आधी पाण्याचा फवारा.

पावसाळ्यात ढूंढवरच्या बांधात पाणी येतं, जयपूरकर सहलीला लोटतात, हवा दमट होते. तेव्हा हा सगळा सरंजाम ती कपाटात ठेवते आणि निव्वळ खोबरेलावर भागवते. जोजोबा महाग आहे, मोहरीच्या तेलाच्या कितीतरी पट, त्यामुळे तीही बचत. दिवाळीला तिळाचं तेल लावून अभ्यंग होतंच, ते कुठल्याही गुणधर्मासाठी नाही.

काकीसांना जोजोबा पटलेला नाही. बहिणीने त्यांना समजावून बघितलं: साखळ्या, मेण, जड पाणी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग ओढणीतून वेणी पुढे ओढली. कमरेच्या खाली पोचणारी, अजून निम्म्याहून जास्त काळी, आणि सुतासारखी सरळ. "म्हारै तो सरसों ही," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.