वानोळा

"मी काय आणलं नाही ना."

तेरला माझ्या चुलतभावाच्या घरी त्याच्या धाकटीचा सहावा वाढदिवस होता. केक कापून झाला होता. चिवडा आणि सामोशाच्या कागदी ताटल्या एकात एक घालून कोपऱ्यात गेल्या होत्या. वहिनी दाराशी स्टूल टाकून रिटर्न गिफ्टची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अस्वलाचं चित्र असलेली छोटी पिशवी, तोंडाला स्टेपलरची पिन. आत वासाचा खोडरबर, पेन्सिल, दोन चॉकलेटं आणि प्लॅस्टिकचा भोवरा. एकेक पोरगं यायचं, पिशवी घ्यायचं आणि पायऱ्या उतरायच्या आधीच पिन उचकटायचं. सगळ्यांत शेवटी मागच्या गल्लीतली एक मुलगी आली. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. वहिनींनी पिशवी पुढं केली, तर तिनं मान हलवली आणि हे वाक्य बोलली.

ती रडवेली झाली नव्हती. दुकानदारानं गोळी पुढं केल्यावर शहाणं लेकरू "पैसे नाहीत" म्हणतं, तसं तिनं सांगितलं. वहिनींनी तिला जवळ ओढून पिशवी हातात दिली. तिनं घेतली. बाकीची पोरं पळत गेली होती, ती सावकाश चालत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या लेकरानं शब्दाचा अर्थ बरोबर लावला होता. रिटर्न म्हणजे परत. ज्यानं दिलं त्याला परत. ज्यानं दिलंच नाही, त्याला काय परत करणार? चूक तिची नव्हती, शब्दाची होती. आणि तो शब्द आपण तिच्यासमोर दाराशी मांडून बसलो होतो.

आपल्याकडं द्यायच्या गोष्टींना किती वेगळी नावं आहेत! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण 'लुटतात'. देणारीच म्हणते, "यंदा मी आरसे लुटले." बोरन्हाणात पाटावर बसवलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओततात आणि जमलेली पोरं तुटून पडतात. ज्याच्या ओंजळीत जे येईल ते त्याचं. कुणी काय आणलं होतं हे तिथं कुणाला आठवणार? लुटीला वही नसते. हादग्याची खिरापतही तशीच. ती ओळखायची असते, आणि ओळखता आली नाही तरी प्रत्येकीच्या हातावर पडते.

पण या सगळ्यांहून मला जवळचा शब्द वानोळा. शेतात, परसात जे नवं आलं असेल, त्यातलं थोडं शेजारी द्यायचं, घरी आलेल्या माणसाला जाताना बांधून द्यायचं, तो वानोळा. माझी आजी तेरणेकाठच्या एका खेड्यात राहायची. नॅरोगेज गाडी होती त्या काळात आम्ही तेरला उतरून बैलगाडीनं तिच्याकडं जायचो. येळवशीला तर हमखास. आमच्या धाराशिव-लातूरकडं मार्गशीर्ष सरता सरता येणारी ही अमावास्या म्हणजे अख्ख्या गावानं शेतात जाऊन जेवायचा दिवस. कडब्याची कोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, पुढं आंबिलाचं मडकं. बेसनात शिजवलेली भज्जी, त्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे कोवळे दाणे. ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर. बांधावरून जाणाऱ्या माणसाला हाक मारून बसवायचं. तो ओळखीचा आहे की नाही ते जेवण झाल्यावर विचारायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो की आजी जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरायची. त्यावर तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा ढाळा, एखादं वांगं, गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे. चारी टोकं उलटसुलट गाठ मारून बांधायची. ती गाठ मला अजून दिसते. आधी दोन समोरची टोकं, मग उरलेली दोन, आणि मधल्या फटीतून ढाळ्याचा हिरवा शेंडा बाहेर. "मोकळ्या हातानं जाऊ नये लेकरा," एवढंच म्हणायची. एका वर्षी पाऊस झाला नव्हता. शेतात तूर नव्हती, हरभरा नव्हता. येळवस लोकांनी कशीबशी केली. निघताना आजीनं तुकडा अंथरला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसली. मग उठून परसातल्या शेवग्याचा पाला ओरबाडून आणला आणि तो बांधून दिला. आईनं घरी येऊन त्याची भाजी केली. ती भाजी मला त्या आधी आवडत नव्हती. नंतर आवडू लागली, आजही आवडते.

आम्ही जाताना आजीसाठी काही नेलं होतं का? नेलं असेलही. मला आठवत नाही. तिलाही आठवत नसावं, कारण आमच्या आणण्याशी तिच्या देण्याचा संबंधच नव्हता.

आजीचा दुसरा नियम डब्याचा. शेजारणीचा डबा आला की धुऊन पुसून ठेवायचा, पण मोकळा पाठवायचा नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. आणि लगेच पाठवायचा नाही, दोन दिवस थांबायचं. "आला तसा गेला तर ते तोंडावर फेकल्यागत होतं," म्हणायची. या दोन दिवसांचं शहाणपण मला फार उशिरा कळलं. ताबडतोब फेडलं की दोघंही मोकळे होतात. थोडं राहू दिलं की येणंजाणं राहतं. आपल्या भाषेनं नात्याला ऋणानुबंध म्हटलं, त्यात ऋण आधी येतं.

गावगाड्यात कुंभाराचं बलुतं असंच चालायचं. लग्नाची मडकी, संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्याचा माठ तो वेळेवर पोचवायचा आणि त्याचं धान्य सुगीला खळ्यावर मिळायचं. देणं आणि घेणं यांच्यामध्ये एक अख्खा हंगाम असायचा. ती व्यवस्था न्याय्य होती असं मी म्हणणार नाही. खळ्यावर बलुतेदाराला ताटकळत उभं राहावं लागे, आणि पदरात काय पडेल ते दुसऱ्याच्या हातात असे. पण तेर हे संत गोरा कुंभारांचं, आमच्या गोरोबाकाकांचं गाव, आणि इथल्या कुंभारवाड्यात सुगडं आणायला गेलेलं लहान मूल वरती एखादं बोळकं मिळाल्याशिवाय परतलेलं मी पाहिलं नाही. माझ्या भातुकलीतली सगळी बोळकी अशीच आली. त्यांतलं एक मी पाटीखाली ठेवून फोडलं, त्याचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीला घेऊन मी तेरच्या संग्रहालयात गेलो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी इथल्या पांढरीच्या टेकाडांवरून वर्षानुवर्षं वेचून जमवलेलं हे धन. त्यांनी ते सरकारला देऊन टाकलं. शंख, मणी, दिवे, पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या पोकळ बाहुल्या. हस्तिदंती बाहुलीपाशी मी तिला थांबवलं. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत 1938 साली एक हस्तिदंती मूर्ती सापडली. ती आणि ही बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तेरचं नाव तगर असं येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. इथलं कापड, मलमल गाड्यांतून भडोचला जायची आणि तिथून जहाजानं पार पश्चिमेला. हिशोब इथल्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीपासून उत्तम येतो. तो बाजारात यायलाच हवा. मात्र काचेमागच्या त्या मातीच्या बाहुल्या पाहताना मला वाटलं, यांतली एखादी तरी कुणी मोल न घेता कुणाच्या लेकराच्या हातात ठेवली असेल.

पुतणीला बाहुलीपेक्षा मणी आवडले. पाऊस पडून गेला की टेकाडावर असे मणी अजून वर येतात, हे मी तिला सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "फुकट?"

रिटर्न गिफ्ट बंद करा असं म्हणणाऱ्या आया मला भेटतात. त्यांचं दुखणं खरं आहे. पंचवीस पोरं, एकीनं वीस रुपयांची पिशवी दिली की दुसरीला तीसची द्यावी लागते, आणि भोवरा दुसऱ्या दिवशी केरात. दुष्काळ पाहिलेल्या मुलखात हा भार थोडा नाही. तरीही मूल मोकळ्या मुठीनं दारातून जावं हे माझ्या मनाला पटत नाही. द्यावं, पण खाऊन संपेल किंवा रुजेल असं द्यावं. मूठभर भाजलेल्या शेंगा, गुळाचा खडा, तिळाची वडी, कागदात बांधलेल्या भोपळ्याच्या बिया. सगळ्यांना सारखं द्यावं आणि मुलं आल्या आल्या द्यावं, भेटवस्तू उघडायच्या आधी. म्हणजे कुणी काय आणलं हा प्रश्नच उरत नाही.

आणि आमंत्रण देताना प्रत्येक मुलाला तोंडानं सांगावं: काही आणू नकोस, नुसता ये. मागच्या गल्लीतल्या मुलांना तर आधी सांगावं.